मांजरीपुरतं दार

४ फेब्रुवारी

चि. बबडीस आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा होता तसाच आहे, गोळी चालू आहे, दाढ काढायची अजून राहिली आहे. तू बरी असशील असं धरून चालते. फोन तू उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. फोन मध्येच कापता येतो, पत्र कापता येत नाही. फाडता येतं म्हणा. पण फाडणारं माणूससुद्धा आधी दोन ओळी वाचतंच, आणि माझं काम दोन ओळींचंच आहे.

तुझी मांजर घेऊन जा.

झालं काम. आता पुढचं वाचायचं तर वाच.

तू तिला दोनदा टोपलीत घालून नेलीस आणि दोनदा ती पूल ओलांडून परत आली. तिला तू आवडत नाहीस अशातला भाग नाही, तिला हे घर आवडतं. या घराला मात्र ती आवडत नाही, हे तिला कोण सांगणार? सोमवारी स्वयंपाकघराच्या खिडकीत पालीची शेपटी आणून ठेवली. नुसती शेपटी, आणि ती वळवळत होती. बुधवारी अर्धा पक्षी. कुठला अर्धा ते विचारू नकोस. काल माझ्या चपलेत केसांचा ओला गोळा ओकून ठेवला आणि मी पाय घातला. शी! तो पाय मी तीनदा धुतला, चप्पल टाकून दिली, दुसऱ्या पायाची चांगली होती तीही गेली.

तुला हसू येत असेल. इस्पितळात एकतीस वर्षं काढली, आणि पालीच्या शेपटीला घाबरते म्हणशील. पण तिथली गोष्ट वेगळी होती ग. उपकरणं उकळायच्या त्या खोलीत माझ्या हाताखालून काय काय गेलं. रक्त म्हणू नकोस, पू म्हणू नकोस. कधी नाक मुरडलं नाही, कारण तिथे प्रत्येक गोष्टीला नियम होता. पाणी ठेवल्यापासून नाही, उकळी फुटल्यापासून वीस मिनिटं मोजायची. घंटा वाजली की चिमट्याने उचलायचं आणि झाकून ठेवायचं. मग ती वस्तू कोणाच्या पोटातून निघाली होती याच्याशी कुणाला कर्तव्य नाही. पोरी मला मागे फिनेलबाई म्हणायच्या, म्हणू देत. आता मांजर काही उकळता येत नाही, हीच खरी अडचण आहे.

तर विषय जाळीचा. तुझ्या बाबांनी घरभर लाकडी चौकटी ठोकून तारेच्या जाळ्या बसवल्या होत्या, त्यातली स्वयंपाकघराची जाळी तुझ्या या राणीने फाडत आणली आहे. सकाळी सहाला नखं रोवून त्या जाळीला लटकते आणि शंख करते. डास आत यायला लागलेत. म्हणून मी ठरवलंय की खालच्या कोपऱ्यात एक लहानसं भोक पाडायचं आणि त्याला झडप लावायची. तिला यायचं तर यावं, जायचं तर जावं, बाकीची जाळी तरी वाचेल. हे मी तिच्यासाठी करत नाही, जाळीसाठी करते आहे, एवढं लक्षात असू दे. ओट्यावर पाय ठेवायचा नाही असा नियम केला आहे. खिडकी ओट्याच्या वर आहे, तेव्हा ओट्यावर पाय न ठेवता ती आत कशी येणार हा प्रश्न उरतो, पण तो तिचा प्रश्न आहे.

तिचं माप तुला माहीत. भोक किती इंचाचं पाडू तेवढं एका कार्डावर कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझ्या घरचं मी विचारत नाही. तुझा तो अजून तीच गाडी चालवत असेल. आमच्या इमारतीची मैल्याची टाकी पुन्हा गुडगुडायला लागली आहे, बाथरूममधून वास येतो, आणि तळमजल्याला राहणाऱ्याने काय पाप केलंय कोण जाणे, सगळं आधी माझ्याकडे येतं. मी सेक्रेटरींना म्हटलं, या वेळी दुसरी गाडी बघा. ते म्हणाले, गावात टाकी उपसायची गाडी एकच आहे, आणि तो माणूस कामाला चोख आहे. कामाला चोख आहे हे मी कधी नाकारलं? दोन वर्षांपूर्वी तो इथेच मागच्या बोळात पाईप सोडून उभा होता आणि तू त्याला पाण्याची बाटली द्यायला गेलीस. मी खिडकीतून बघत होते. तेव्हाच तुला हाक मारून आत घेतलं असतं तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. असो.

तुझी निळी छत्री दाराच्या मागे आहे. त्या दिवशी ती न्यायला म्हणून तू परत आलीस आणि न घेताच गेलीस. सात महिने झाले. का गेलीस ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही, तेव्हा ते उगाळण्यात अर्थ नाही.

इंच कळव.

तुझी
आई


२१ फेब्रुवारी

चि. बबडीस आशीर्वाद.

कार्ड आलं नाही. पोस्टावर ढकलून टाकलं असतं, पण पोस्टमन रोज माझ्याच दारावरून जातो आणि वर मलाच विचारतो, कुणाची वाट बघताय का म्हणून. गोळी चालू आहे. दाढ आहे.

भोक मीच पाडलं, अंदाजाने. निवृत्त होताना इस्पितळातली जुनी कात्री मागून आणली होती ना, ती तारेला बरी चालते. माप कसं घेतलं सांगते. मांजरीच्या मिशा जिथून जातात तिथून तिचं सगळं अंग जातं, असं कोणीतरी मला कधीतरी सांगितलं होतं. म्हणून ती खात असताना दोरीने तिच्या मिशा मोजल्या. खात असताना म्हणजे मी तिला माशाचं डोकं दिलं होतं. ते मापापुरतं दिलं होतं. एरवी मी तिला काही देत नाही, उरलं तरच देते. आणि हल्ली जरा जास्त उरतं.

तीन बाजू कापल्या, चौथी ठेवली, म्हणजे तीच झडप झाली. कापलेल्या कडांच्या तारा सुयांसारख्या उभ्या राहिल्या. त्यांच्यावर इस्पितळातली चिकटपट्टी लावली, तिन्ही बाजूंनी, जखमेला लावतात तशी. लांबून बघितलं तर जाळीचं ऑपरेशन झालंय असं वाटायचं. मला ते फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला राणीसाहेब आल्या. भोक हुंगलं. डोकं घातलं, मिशा गेल्या, खांदे गेले, आणि पोट अडकलं. पुढचे पाय माझ्या ओट्यावर, मागचे पाय बाहेर हवेत, आणि मध्ये ती. एवढं ओरडायला लागली की वरच्या मजल्याच्या खिडक्या उघडल्या. शेजारीण गॅलरीतून म्हणते, किती फुगलीये हो, पाच घरी खात असेल. ती एकाच घरी खाते.

आधी रबरी हातमोजे शोधले. ते बाथरूममध्ये वाळत होते, दोन्ही ओले. मग फडकं शोधलं. तोवर तिने ओढाओढ करून चिकटपट्टी उचकटली आणि तार पोटाला लागायला लागली. मग काय करणार? बाहेर बोळात गेले, त्या टाकीच्या झाकणावर उभी राहिले आणि उघड्या हातांनी तिला धरलं. एका हाताने तार वाकवली, दुसऱ्या हाताने तिला मागे ओढलं. केस, लाळ, वास, सगळं अंगावर. मनगटावर एक लांब ओरखडा काढला तिने, तो अजून आहे.

हात चार वेळा धुतले. चौथ्या वेळी मात्र नळाखाली हात धरून तशीच उभी राहिले. तिचं पोट गरम होतं बबडे, आणि आत काळीज नुसतं फडफडत होतं. मला एकदम आठवलं की तू गेल्यापासून मी कोणालाच हात लावलेला नाही. भाजीवाला पैसेसुद्धा गल्ल्यावर ठेवतो, कारण मीच त्याला तसं सांगून ठेवलंय. हे मी तुला का लिहिते आहे कोण जाणे, खोडायला हवं, पण खोडलं की कागद घाण दिसतो.

मग चार दिवस ती आलीच नाही. मी काही उपाशी राहिले नाही. जेवले, फक्त एकवेळ. माशाचं डोकं आणलं होतं ते वास मारायला लागलं तेव्हा नाक दाबून बाहेर टाकलं. आणि ते टाकताना शेजारणीला दिसलं.

पाचव्या दिवशी आली, पण आत नाही आली. बाहेर कट्ट्यावर बसून त्या भोकाकडे बघत राहिली. मी आतून बशी दाखवली, चुकचुक केलं. मी! चुकचुक केलं. हलली नाही. एकदा अडकलं की माणूस तिथे परत कशाला डोकं घालील? मांजरीलासुद्धा तेवढं कळतं. तुला तर तिच्याहून जास्त कळतं.

त्या दिवसाबद्दल लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण एक विचारते. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस. तो बाहेर गाडीशी थांबला होता. गॅसवर ते मोठं पातेलं होतं आणि झाकण होतं. मी तुला म्हटलं असतं की अंडी उकडायला ठेवलीत, तर तू छत्री घेऊन गेली असतीस ना? सगळं आहे तसं चाललं असतं ना? मी म्हणणारच होते. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात घंटा वाजली.

पुढचं लिहवत नाही. भोक आहे तसंच आहे. पट्टी पुन्हा लावली आहे.

जिला आता मांजरही विचारत नाही ती तुझी
आई


९ मार्च

बबडे,

आशीर्वाद वगैरे शेवटी लिहीन. ते देण्याची माझी लायकी आहे का ते आधी बघू.

तुला बहुतेक कळलं असेल. किंवा नसेलही, कारण तो घरी येऊन सांगणाऱ्यातला वाटत नाही. म्हणून मी सांगते, पहिल्यापासून.

गुरुवारी सकाळी बाथरूमच्या जाळीतून पाणी वर आलं. पाणी म्हणते आहे, पण ते पाणी नव्हतं. आधी गुडगुड आवाज झाला, मग काळं, मग पिवळं, मग जे आलं ते आलं. उंबऱ्यावरून दिवाणखान्यात आलं. मी बादल्यांनी उपसत होते आणि ते वर येतच होतं. बारा घरांचं सगळं माझ्या फरशीवर. मी ओकले, आणि तेही त्यातच मिसळलं. वास असा की डोळे चुरचुरायला लागले. फिनेलच्या दोन बाटल्या ओतल्या, त्याने फक्त वासात भर पडली. एकतीस वर्षं जिने घाणीला घड्याळ लावून हरवलं ती मी, फरशीवर गुडघे टेकून रडत बसले होते. अशा घाणीला वीस मिनिटं पुरत नाहीत.

सेक्रेटरींनी फोन केला आणि अर्ध्या तासात गाडी आली. तोच आला.

मी आतून कडी लावून घेतली. तो काही दाराकडे आलाच नाही. सरळ मागच्या बोळात गेला, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या चेंबरची झाकणं उघडली आणि पाईप सोडला. टाकीत माणूस उतरतो असंच मी इतके दिवस धरून चालले होते; मागच्या वेळी माझी नजर तुझ्यावर होती, त्याच्या कामावर नव्हती. उतरत नाही. पाईप ओढतो आणि माणूस वर उभा राहून ऐकतो, कुठे अडकलंय ते त्याला आवाजावरून कळतं. दोन तास तो माझ्या जाळीपासून तीन हातांवर उभा होता आणि मी ओट्याशी उभी होते. जाळीतून बघत होते म्हण. माझ्या बाथरूममधलं पाणी हळूहळू खाली गेलं.

काम संपलं तसे त्याने हातमोजे काढले आणि बाहेरच्या नळावर हात धुतले. बबडे, मी नव्या पोरींना जसे हात धुवायला शिकवायचे ना, तसे धुतले त्याने. बोटांच्या मधून, नखांखालून, कोपरापर्यंत, आणि नळ कोपराने बंद केला. पोरींना हे शिकवताना माझ्या नाकी नऊ यायचे. याला कोणी शिकवलं?

मग त्याचं लक्ष जाळीकडे गेलं. ठिपकी तिथेच कट्ट्यावर बसलेली, नेहमीसारखी भोकाकडे बघत. (ठिपकी लिहिलं मी. तूच ठेवलेलं नाव आहे, मी आजवर घेतलं नव्हतं.) त्याने चिकटपट्टीला बोट लावलं आणि विचारलं, बाई, हे लहान झालंय, मोठं करून देऊ का? बाई म्हणाला. जेवायला आला होता त्या दिवशी मला आई म्हणाला होता, दोनदा. मी मोजलं होतं.

मी कात्री दिली. दार उघडून नाही, त्या भोकातून दिली. त्याने ती तशीच घेतली. भोक चारही बाजूंनी दोन दोन बोटं वाढवलं, तारा एकेक करून आत वळवल्या. मग गाडीतून रबरी नळीचा तुकडा आणला. माझा चेहरा काय झाला असेल कोण जाणे, कारण मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, नवी आहे, गाडीला लावलेली नाही. ती नळी त्याने उभी चिरली आणि कडांवर बसवली, कुठे टोक म्हणून वर नाही. झडप जाड प्लॅस्टिकची केली, दोन्हीकडे हलणारी. ठिपकीला उचललं, तिने त्याला एकही ओरखडा काढला नाही, आणि झडपेशी धरलं. ती आली आत. ओट्यावर चारही पाय ठेवले आणि बशीशी जाऊन बसली.

एवढं सगळं त्याने बाहेर उभं राहून केलं. मी आत ये म्हटलं नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, म्हणजे मला पुढे कधी म्हणता येणार नाही की म्हटलं होतं.

चहा मात्र केला. मी निवृत्त झाले तेव्हा पोरींनी सहा स्टीलचे मग दिले होते, काळ्या प्लॅस्टिकच्या कानाचे, आठवतात ना? त्यातल्या एकात ओतला आणि झडप उचलून बाहेर धरला. मांजरीच्या दारातून मी जावयाला चहा दिला. त्याने घेतला, उभ्याने प्यायला, साखर बरोबर आहे म्हणाला. नंतर नळावर जाऊन तो मग धुतला. स्वतःच्या साबणाने, आतून, बाहेरून, कानाच्या मागून. माझ्याकडे बघत नव्हता. परत येऊन झडपेतून आत ठेवला, पालथा.

आणि आत बघून थांबला.

गॅसवर पातेलं होतं. खदखदत होतं. मी ते कधी ठेवलं मला खरंच आठवत नाही. चहा ओतता ओतता दुसऱ्या हाताने ठेवलं असणार. डोकं काही म्हणालं नव्हतं, हातांनीच ठेवलं. शेजारी चिमटा काढून ठेवलेला होता, घड्याळही होतं. त्याने पातेल्याकडे बघितलं, मगाकडे बघितलं, आणि अगदी साध्या आवाजात, ठिपकीशी बोलावं तसं, म्हणाला,

"आई, उकळायचा असेल तर आधी कान काढून घ्या. प्लॅस्टिकचा आहे, वितळेल."

आणि पाईप गुंडाळायला गेला.

रागावला असता तर बरं झालं असतं. टोमणा मारला असता तर मीही चार शब्द ऐकवले असते, माझं तोंड तुला माहीत आहे. तसं काही नव्हतंच. त्याला माझ्या मगाची काळजी होती. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. तू सांगितलं असशील, किंवा त्या दिवशी तू छत्रीशिवाय गाडीशी परत गेलीस तेव्हा तुझ्या तोंडावरून कळलं असेल. ते माहीत असूनही त्याने माझी घाण काढली, माझ्या मांजरीला दार करून दिलं आणि माझा मग धुवून परत दिला.

आता ते लिहिते, जे दोन पत्रं टाळलं.

त्या दिवशी तो माझ्या घरी पहिल्यांदा जेवला. मान खाली घालून जेवला, पानात काही टाकलं नाही. तुम्ही निघालात आणि दार लागल्याबरोबर मी त्याचं ताट उचललं, वाटी उचलली, पेला उचलला, सगळं पातेल्यात घातलं आणि घड्याळ लावलं. तुझं ताट नाही घातलं. फक्त त्याचं. वीस मिनिटं होत आली आणि तू छत्री न्यायला परत आलीस. तू दारात उभी, मी ओट्याशी, आणि घंटा वाजली. घंटा वाजली म्हणून मी चिमटा घेतला आणि ताट उचललं. तुझ्यासमोर. खोटं बोलायला तोंड उघडलं होतं ते तसंच उघडं, आणि हातात चिमट्यात धरलेलं ताट, वाफा निघताहेत. एकतीस वर्षं घंटेवर हात चालले, त्या दिवशीही चालले. तू वळलीस आणि गेलीस.

मी स्वतःला सांगत आले की ही कामाची सवय. खोटं आहे. सवय असती तर तुझंही ताट पातेल्यात गेलं असतं.

ते ताट त्यानंतर मी वापरलेलं नाही. उकळी फुटल्यापासून पुरी वीस मिनिटं उकळलंय, या घरात त्याच्याइतकं स्वच्छ काही नाही, आणि मला त्यात जेववत नाही.

गाडी निघाली तेव्हा मी खिडकीतून बघत होते. त्या टाकीत काय होतं बबडे? आम्हा बारा घरांचं होतं. माझंही होतं. माझी घाण तो घेऊन चालला होता आणि मी त्याच्या ओठांची घाण उकळायला निघाले होते. शी. मला आजवर पालीची आली, मांजरीची आली, त्याची आली, पण अशी किळस कधी आली नव्हती. गॅस बंद केला. पातेलं खाली उतरवलं. ते आता बाहेर बोळात आहे, ठिपकीचं पाणी त्यात असतं.

तो मग मी बाजूला ठेवला. वरच्या फळीवर, एकटा. म्हटलं हा त्याचा, तो येईल तेव्हा यातच देईन. दोन दिवस मला फार बरं वाटलं, किती सुधारले मी म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा करताना वर बघितलं आणि हात थांबला. त्याचा मग वेगळा ठेवायचा म्हणजे काय? पुन्हा तेच की. फक्त पाणी न उकळता.

खाली काढला. बाकीचे पाच घेतले, सहाही मग परातीत घातले आणि डोळे मिटून ढवळले, आवाज ऐकून ठिपकी पळाली. मग एकेक करून फळीवर लावले. त्यातलाच पुढचा घेतला आणि चहा प्यायले. तोच असेल असं वाटलं आणि पोटात ढवळलं, खोटं सांगत नाही. तरी प्यायले. पुढच्या दिवशी थोडं कमी ढवळलं. आज विसरूनच गेले, अर्धा चहा झाल्यावर आठवलं.

रविवारी दोघं या. त्या ताटात मी जेवेन. दाराने या, मी कडी काढून ठेवते. झडप फक्त ठिपकीसाठी आहे. आणि आलीस की तुझी छत्री घेऊन जा. किंवा राहू दे इथेच, म्हणजे परत यावं लागेल.

जावईबापूंना सांग की साखर तेवढीच घालेन. आणि कोणता मग हातात येईल ते मला सांगता येणार नाही. सहांतला तो कोणता होता, मला आता ओळखू येत नाही.

तुम्हा दोघांना आशीर्वाद, चालत असतील तर.

जिने ते ताट उकळलं ती,
तुझी आई